विद्युत वाहन कशास म्हणावे?

१९९० च्या दशकाच्या मध्यावर मी उत्तरेकडील एका राज्यात उपविभागीय अधिकारी होतो. नोकरी नवी होती आणि उत्साहही नवा होता. माझ्यासमोर सहीसाठी येणाऱ्या गावांच्या यादीत एका गावापुढे 'विद्युतीकृत' असा शेरा होता. एकदा दौऱ्यावर असताना दिवेलागणीच्या सुमारास त्या गावात पोहोचलो. घरोघरी कंदील पेटत होते. एकाही घरात, शाळेत किंवा पंचायतीच्या खोलीत विजेची तार नव्हती. पटवाऱ्याला विचारले, तेव्हा त्याने शांतपणे गावाबाहेरच्या शिवाराकडे बोट दाखवले. तेथे एका कूपनलिकेवर पंप चालू होता. "बिजली तो है साहब, ट्यूबवेल पर है," तो म्हणाला.

परत आल्यावर नियम काढून पाहिला. गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असली, की ते गाव विद्युतीकृत, अशी त्या काळची व्याख्या होती. म्हणजे नोंद खोटी नव्हती आणि पटवारीही खोटे बोलत नव्हता. मी सही केली. यादी राजधानीला गेली आणि तेथील मोठ्या बेरजेत ते गाव मिसळून गेले. पुढे १९९७ साली व्याख्या बदलली. वीज वस्तीत वापरली जाणे आवश्यक ठरले. २००४ साली ती पुन्हा बदलली. वस्तीत रोहित्र आणि वाहिनी हवी, शाळा, पंचायत, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज हवी आणि किमान १० टक्के घरांत जोडणी हवी, असे ठरले. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग या गावी वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले, ते याच व्याख्येच्या आधारे.

ही जुनी आठवण आज निघण्याचे कारण अमेरिकेतून आलेली एक बातमी आहे. १५ डिसेंबर २०२५ रोजी फोर्ड कंपनीने आपल्या एफ-१५० लायटनिंग या पूर्णतः विद्युत पिकअप ट्रकचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. विद्युत वाहनांच्या कार्यक्रमातील फेरबदलांपोटी सुमारे १९.५ अब्ज डॉलरचा भार कंपनीने आपल्या हिशेबात धरला. मात्र लायटनिंग हे नाव राहणार होते. पुढच्या पिढीच्या लायटनिंगमध्ये बॅटरी आणि विद्युत मोटरी असतील आणि त्यांच्या जोडीला गाडीतच पेट्रोलवर चालणारे एक जनित्र असेल, असे कंपनीने सांगितले. एकूण पल्ला ७०० मैलांहून अधिक, म्हणजे सव्वाअकराशे किलोमीटरच्या आसपास. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या वाचकांपैकी काहींच्या दारात उद्या अशी गाडी उभी राहील. ती विद्युत वाहन म्हणायची की नाही, हा प्रश्न त्या पटवाऱ्याच्या उत्तरासारखाच आहे. वीज तर आहे; पण कोठे आहे आणि किती वेळ आहे?

कल्पना नवी नाही

प्रथम यंत्र समजून घेऊ. या प्रकारच्या गाडीत चाके फिरवण्याचे काम विद्युत मोटरच करते. पेट्रोलच्या इंजिनाचा चाकांशी थेट संबंध नसतो. बॅटरी उतरू लागली की इंजिन जनित्र फिरवते, जनित्रातून वीज निर्माण होते आणि ती मोटरला किंवा बॅटरीला मिळते. इंग्रजीत याला 'एक्स्टेंडेड रेंज' म्हणतात. आपण 'वाढीव पल्ल्याचे विद्युत वाहन' म्हणू. नेहमीच्या हायब्रिड गाडीत इंजिन आणि मोटर दोन्ही चाकांना हात लावतात, येथे फक्त मोटर. फरक एवढाच, पण पुढे नियमांच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा ठरला.

ही कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. व्हिएन्नातील लोनर या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यात फर्डिनांड पोर्शे नावाचा तरुण अभियंता काम करीत होता. त्याने चाकांच्या तुंब्यातच मोटर बसवलेली विद्युत गाडी तयार केली आणि ती १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली. तिची अडचण आजच्यासारखीच होती. बॅटरी शेकडो किलो वजनाची आणि पल्ला मर्यादित. त्याच सुमारास पोर्शेने दुसरी गाडी केली. बॅटरी लहान ठेवली आणि दोन छोटी पेट्रोल इंजिने जनित्रांना जोडली. तिचे नाव 'सेम्पर व्हिवस', लॅटिन भाषेत 'सदैव जिवंत'. बॅटरी संपली तरी गाडी मरणार नाही, हे आश्वासन त्या नावातच होते.

मोटारीच्या जगात ही रचना मागे पडली, कारण पेट्रोल स्वस्त झाले आणि गिअरचा डबा जनित्र व मोटरीपेक्षा स्वस्त पडला. पण रेल्वेने ती उचलली. आपल्याकडे १९६२ पासून धावू लागलेले आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात हजारोंनी बांधले गेलेले डब्ल्यूडीएम-२ हे २६०० अश्वशक्तीचे इंजिन आठवावे. त्यातील डिझेल इंजिन चाके फिरवीत नसे. ते जनित्र फिरवी आणि आसांवरच्या सहा मोटरी गाडी ओढीत. १९९८ साली पूर्ण खुली झालेली कोकण रेल्वे २०२२ साली तिचे विद्युतीकरण पूर्ण होईपर्यंत मुख्यतः अशा डिझेल-विद्युत इंजिनांवरच धावली. परगावी नोकरी करणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना गणपतीसाठी घरी नेले ते गाडीवरच्या जनित्राने. तरीही त्या मार्गाला कोणी 'विद्युतीकृत' म्हटले नाही. रेल्वेची व्याख्या स्पष्ट होती: वीज डोक्यावरच्या तारेतून यायला हवी.

मग मोटारीच्या जगातच हा गोंधळ का झाला? आणि जनित्राची गरज भासावी एवढी मोठी गाडी मुळात झाली कशी? याचे उत्तर कारखान्यात थोडे आणि सरकारी राजपत्रात बरेच सापडते.

कोंबडीपासून सुरुवात

१९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतून स्वस्त कोंबड्या युरोपच्या बाजारात येऊ लागल्या. फ्रान्स, पश्चिम जर्मनी आदी देशांनी त्यांच्यावर आयात कर वाढवला. उत्तरादाखल राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचे स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार वस्तूंवर २५ टक्के कर लावला. तो जानेवारी १९६४ पासून लागू झाला. कोंबड्यांचे भांडण मिटले, बाकीच्या वस्तूंवरील तो कर यथावकाश गेला; हलक्या ट्रकवरचा मात्र राहिला. आपल्या खात्यांत तात्पुरते आदेश किती वर्षे जगतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

परिणाम असा झाला, की परदेशी लहान पिकअपला अमेरिकेचे दार जवळपास बंद झाले आणि देशी कंपन्यांना या एका वर्गात स्पर्धा फारशी राहिली नाही. या कराला चुकवण्याच्या युक्त्याही मनोरंजक आहेत. जपानच्या सुबारू कंपनीने १९७० च्या दशकाच्या शेवटी आपल्या छोट्या पिकअपच्या हौद्यात दोन खुर्च्या बसवल्या. खुर्च्या आल्या म्हणजे ते प्रवासी वाहन. पुढे खुद्द फोर्ड कंपनीने तुर्कस्तानातून आणलेल्या ट्रान्झिट कनेक्ट या मालवाहू व्हॅनमध्ये मागची आसने बसवून त्या बंदरावर उतरवल्या आणि सीमाशुल्क भरल्यावर ती आसने काढून टाकली. या प्रकरणात मार्च २०२४ मध्ये कंपनीने अमेरिकन सरकारला ३६.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. व्याख्येच्या काठावर उभे राहण्याची किंमत कधी कधी एवढीही असते.

दुसरी व्याख्या १९७५ ची. १९७३ च्या तेलटंचाईने हादरलेल्या अमेरिकन काँग्रेसने ऊर्जा धोरणाचा कायदा केला आणि प्रत्येक कंपनीच्या एकूण विक्रीवर सरासरी इंधनक्षमतेचे बंधन घातले. मोटारींसाठी १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे पावणेबारा किलोमीटर, असे उद्दिष्ट कायद्यातच होते. हलक्या ट्रकचे मानक मात्र परिवहन खात्याने स्वतंत्रपणे ठरवायचे होते आणि ते कितीतरी सौम्य ठरले. त्या वेळी यात गैर असे काही नव्हते. ट्रक म्हणजे शेतकऱ्याचे, गवंड्याचे, सुताराचे कामाचे वाहन. त्याला मोटारीची फूटपट्टी लावू नये, हा विचार समंजसच होता. १९७८ साली जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर विशेष कर बसला, त्यातूनही ट्रक वगळले गेले.

पण कामाचे वाहन कोणते, हे ठरवताना गाडी काय काम करते ते पाहिले गेले नाही, तिची बांधणी पाहिली गेली. उघडा हौदा आहे का, खडबडीत जमिनीवर चालण्याजोगी रचना आहे का, एवढे तपासले की झाले. हौदा वर्षभर रिकामा राहिला तरी ती गाडी ट्रकच. १९७५ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पाच नव्या वाहनांपैकी सुमारे चार साध्या मोटारी किंवा स्टेशन वॅगन होत्या. आज तेथील नव्या वाहनांत एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅन यांचे स्पष्ट बहुमत आहे. स्वस्त पेट्रोल, रुंद रस्ते आणि लोकांची आवड ही कारणे आहेतच. पण कायद्याने ज्या बाजूला उतार दिला त्याच बाजूला पाणी वाहिले, हेही तितकेच खरे.

तिसरी पायरी २००६ ची. ट्रकची मानके कडक करताना वाहनाच्या आकारमानाशी त्यांची सांगड घालण्यात आली. पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांचा गुणाकार करायचा. तो जितका मोठा, तितके उद्दिष्ट सौम्य. कंपन्यांनी केवळ गाड्या लहान करून उद्दिष्ट गाठू नये, लहान गाड्यांतील प्रवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहू नये, हा त्यामागील हेतू. कागदावर हेतू निर्दोष, पण गाडी मोठी करणाऱ्याला त्यातून सवलत मिळू लागली. करखात्यानेही हातभार लावला. व्यवसायासाठी घेतलेल्या, ६००० पौंडांहून अधिक भारक्षमतेच्या वाहनांना पहिल्याच वर्षी मोठी वजावट मिळण्याची सोय २००३ साली वाढवली गेली. २००४ साली एसयूव्हींवर मर्यादा आली, तरी किमान सहा फुटी हौदा असलेले पिकअप त्या मर्यादेबाहेर राहिले.

चार वेगवेगळ्या दालनांत, चार वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलेली ही कलमे. एकाही अधिकाऱ्याने 'अमेरिकेतील पिकअप अडीच-तीन टनांचा व्हावा' असे टिपण लिहिले नसेल. तरी तो तसा झाला.

टाकीची मापे कोणी ठरवली?

आता दुसऱ्या टोकाकडे, कॅलिफोर्नियाकडे वळू. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने त्रस्त झालेल्या या राज्याच्या हवा संसाधन मंडळाने १९९० साली असा नियम केला, की मोठ्या कंपन्यांनी १९९८ पर्यंत आपल्या विक्रीत २ टक्के आणि २००३ पर्यंत १० टक्के वाहने शून्य उत्सर्जनाची ठेवावीत. १९९६ साली यातील पहिले टप्पे मागे घेतले गेले, पण तोवर काही गाड्या रस्त्यावर येऊ लागल्या होत्या. जनरल मोटर्सची ईव्ही-१ सर्वांना आठवते. त्याच काळात शेव्हरोलेचा एस-१० आणि फोर्डचा रेंजर हे दोन छोटे विद्युत पिकअपही निघाले होते, हे मात्र फारसे आठवत नाही. वीज मंडळे आणि सरकारी ताफ्यांनी ते वापरले. रोजचा ठरलेला फेरा, रात्री आवारातच चार्जिंग. त्यांना जनित्राची गरज नव्हती. लहान ट्रकला लहान बॅटरी पुरत होती.

डिसेंबर २०१० मध्ये जनरल मोटर्सची शेव्हरोले व्होल्ट ही मोटार विक्रीस आली. १६ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या भाषेत १६ युनिटांची बॅटरी, ३५ मैल विजेवर आणि पुढे १.४ लिटरचे पेट्रोल इंजिन. 'वाढीव पल्ल्याचे विद्युत वाहन' हा शब्दप्रयोग कंपनीने याच गाडीसाठी रूढ केला. केंद्र सरकारची ७५०० डॉलरची पूर्ण करसवलत नेमकी १६ युनिटांच्या बॅटरीपाशी मिळत असे. कंपनीने नमुना गाडी जानेवारी २००७ मध्ये दाखवली आणि सवलतीचा कायदा २००८-०९ मधला. तेव्हा गाडी पाहून कलम बेतले की काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात आल्यास त्याला दोष देता येणार नाही. गाडी विक्रीस येण्यापूर्वीच वाद झाला तो वेगळा. काही विशिष्ट वेगात इंजिनाची थोडी शक्ती थेट चाकांकडेही जाते, असे उघड झाले आणि 'मग ही विद्युत गाडी कशी?' यावर वर्तमानपत्रांत रकाने भरले. गाडी उत्तम चालत होती. व्याख्या डळमळली होती.

याहून बोधप्रद कथा बीएमडब्ल्यू कंपनीच्या आय-३ या गाडीची आहे. २०१२ साली कॅलिफोर्नियाच्या मंडळाने नवा वर्ग निर्माण केला: मूलतः बॅटरीवर चालणारे, पण सहायक इंजिन असलेले वाहन. अटी काटेकोर होत्या. विजेवरचा पल्ला किमान ७५ मैल हवा. पेट्रोलवरचा पल्ला विजेवरच्या पल्ल्याहून अधिक असता कामा नये. बॅटरी जवळजवळ संपेपर्यंत इंजिन सुरू होता कामा नये. मंडळाचा हेतू असा, की लोकांनी गाडी विजेवरच चालवावी आणि इंजिन केवळ घरी पोहोचण्यापुरते राहावे.

आता परिणाम पाहा. आय-३ मध्ये ६४७ घनसेंटिमीटरचे, मूळचे स्कूटरचे इंजिन बसवले होते. तिची टाकी २.४ गॅलनांची होती, पण अमेरिकेत विकलेल्या गाडीत संगणकाच्या आज्ञावलीने त्यातील १.९ गॅलनच वापरता येईल अशी व्यवस्था केली गेली. पेट्रोल टाकीत असूनही गाडी 'संपले' म्हणे. युरोपात तीच गाडी घेणारा माणूस पुढे घाट आहे हे ओळखून बॅटरी बऱ्यापैकी भरलेली असतानाच जनित्र सुरू करू शके. अमेरिकेतील ग्राहकास ती मुभा नव्हती. लांब चढावर, बॅटरी तळाला गेलेली असताना ते छोटे इंजिन पुरे पडेना आणि गाडीचा वेग एकाएकी उतरे. ग्राहकांनी तक्रारी केल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि अनेकांनी संगणकाला जोडून गाडीतील बंधने स्वतःच काढून टाकली. चढावर ट्रकांच्या रांगेत वेग गमावणाऱ्या चालकाला आपण एका उपकलमामुळे संकटात आहोत, हे कसे कळावे? नियम लिहिताना आपण यंत्र लिहीत असतो, हे आपल्याला फार उशिरा उमगते.

ओझे ओढण्याचा हिशेब

मोठ्या पिकअपमध्ये जनित्र बसवण्याचा प्रयत्न त्याच सुमारास यूटा राज्यातील व्हिया मोटर्स या छोट्या कंपनीने केला. व्होल्टच्या जन्माशी ज्यांचे नाव जोडले गेले ते बॉब लुट्झ तिच्यासोबत होते. शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो पिकअपमध्ये बॅटरी आणि मोटर घालून मूळच्या जागी व्ही-६ इंजिनाचे जनित्र ठेवायचे, असा तो बेत. लुट्झ यांचा मुद्दा सरळ होता: जी गाडी सर्वाधिक पेट्रोल पिते, तिच्यात बचतही सर्वाधिक. पण कंपनी लहान, किंमत मोठी. गाड्या फार निघाल्या नाहीत.

त्यानंतर बॅटरी स्वस्त झाल्या आणि जनित्र अनावश्यक ठरेल असे वाटू लागले. २०२१ साली रिव्हियन, एप्रिल २०२२ मध्ये फोर्डची लायटनिंग, २०२३ च्या अखेरीस टेस्लाचा सायबरट्रक. लायटनिंगची मोठी बॅटरी १३१ युनिटांची आणि पल्ला ३२० मैलांपर्यंत. जनरल मोटर्सच्या काही पिकअपमधील बॅटरी तर २०० युनिटांच्याही पुढची. जीएमसी हमर या विद्युत पिकअपचे वजन चार टनांवर गेले आणि अपघात झाल्यास समोरच्या लहान गाडीचे काय, अशी चिंता अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षांनी जानेवारी २०२३ मध्ये जाहीरपणे व्यक्त केली.

अडचण निघाली ती ओझे ओढताना. पिकअपच्या मागे घोड्यांची किंवा बोटीची उंच गाडी जोडली, की वाऱ्याचा विरोध एवढा वाढतो की पल्ला निम्म्यावर येतो. पेट्रोलच्या ट्रकचाही येतो. पण त्याला पाच मिनिटांत टाकी भरता येते. हिशेब साधा आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलो. त्यात सुमारे नऊ युनिट उष्णता असते आणि चांगल्या जनित्रातून तिच्यापैकी तीनेक युनिट वीज हाती येते. तेवढी वीज साठवण्यासाठी बॅटरीला वीसेक किलो वजन लागते. वर्षातून आठ-दहा दिवस लागणाऱ्या पल्ल्यासाठी वर्षभर टनभर बॅटरी वाहायची, की तेवढ्यापुरते जनित्र ठेवायचे?

रॅम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये याचे उत्तर जनित्राच्या बाजूने दिले. जाहीर केलेल्या आराखड्यात ९२ युनिटांची बॅटरी, १४५ मैल विजेवर, ३.६ लिटरच्या इंजिनाला जोडलेले १३० किलोवॅटचे जनित्र आणि एकूण ६९० मैलांचा पल्ला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने पूर्ण विद्युत पिकअपचा बेत रद्द केला आणि त्याच्यासाठी राखून ठेवलेले 'आरईव्ही' हे नाव जनित्रवाल्या गाडीला दिले. फोक्सवॅगनने पुनरुज्जीवित केलेल्या स्काउट या नावाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन गाड्या दाखवल्या. आगाऊ नोंदणी करणाऱ्यांपैकी पाचांत चाराहून अधिक जणांनी जनित्राचा पर्याय निवडला. त्यांच्या मनातील भीती १९०० सालच्या गाडीच्या नावातच लिहिली होती.

येथे इतिहास एक विचित्र वळण घेतो. २०२५ साली हे सर्व बेत पक्के होत असतानाच ज्या नियमांच्या दबावाने विद्युत वाहने आली, ते नियम एकामागून एक सैल झाले. जूनमध्ये कॅलिफोर्नियाला स्वतंत्र नियम करण्याची दिलेली परवानगी काँग्रेसच्या ठरावाने रद्द झाली आणि राज्य न्यायालयात गेले. ४ जुलैच्या कायद्याने इंधनक्षमतेच्या उल्लंघनाचा दंड शून्यावर आणला. ३० सप्टेंबरनंतर घेतलेल्या गाड्यांना ७५०० डॉलरची करसवलत उरली नाही. नियम गेले, पण नियमांनी घडवलेला आकार गेला नाही. १९६३, १९७५, २००६ या वर्षांच्या कलमांनी गाडी मोठी केली. मोठ्या गाडीला मोठी बॅटरी लागली. मोठी बॅटरी महाग आणि जड पडली. म्हणून जनित्र आले. आजचे जनित्र हे साठ वर्षांच्या व्याख्यांवर बसलेले नवे ठिगळ आहे, असे माझे मत झाले आहे.

मोजायचे काय?

जनित्र ही लबाडी आहे असे मला म्हणायचे नाही. रोज शंभर किलोमीटर विजेवर जाणारा आणि हंगामात चार वेळा गुरांची गाडी ओढणारा शेतकरी अशा ट्रकने खरोखर पुष्कळ पेट्रोल वाचवील. २०० युनिटांची एक बॅटरी करण्याऐवजी त्याच सामग्रीत ९२ युनिटांच्या दोन होतात, हाही युक्तिवाद हलका नाही. पण तोच ट्रक कधीच भिंतीतील खोबणीला न लावता, केवळ पेट्रोल भरून चालवला, तर तो जड आणि महाग असा पेट्रोलचाच ट्रक होय. दोन्ही गाड्यांची नोंदणी सारखी, पाटी सारखी, सवलत सारखी. फरक पडतो तो रोज रात्री, गाडीच्या शेडमध्ये.

युरोपने हे मोजून पाहिले. २०२१ पासून तेथील नव्या गाड्यांत प्रत्यक्ष इंधनवापराची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. तिच्या आधारे युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. बाहेरून चार्ज होणाऱ्या हायब्रिड मोटारींचे रस्त्यावरचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यांच्या सरासरी साडेतीनपट निघाले. लोक कायद्याने गृहीत धरले होते त्यापेक्षा फार कमी वेळा चार्जिंग करीत होते. जनित्राच्या गाड्या २०१९ नंतर चीनमध्ये ली ऑटो कंपनीने लोकप्रिय केल्या. पण शांघाय महापालिकेने १ जानेवारी २०२३ पासून पेट्रोलचे इंजिन असलेल्या अशा गाड्यांना मोफत हिरवी पाटी देणे बंद केले. त्या शहरात साध्या गाडीच्या पाटीसाठी लिलावात मोठी रक्कम मोजावी लागते; तेव्हा अनेक जण पाटीसाठी गाडी घेत असणार, चार्जिंगसाठी नव्हे, हे उघड आहे.

आपणही यातून गेलो आहोत. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि दोनच वर्षांत पुण्याच्या टाटा मोटर्सने इंडिगोची डिकी आखूड करून ती चार मीटरच्या आत बसवली. इतरांनी तोच कित्ता गिरवला. २०१५ च्या फेम योजनेत अत्यल्प विद्युत साहाय्य असलेल्या सौम्य हायब्रिड गाड्यांनाही अनुदान मिळाले. एप्रिल २०१७ पासून ते बंद करावे लागले. त्या दोन वर्षांत कोणीही नियम मोडला नव्हता. माझ्या पटवाऱ्यासारखेच सर्व जण नियमाप्रमाणे वागत होते.

उद्या आपल्याकडेही वाढीव पल्ल्याची वाहने येतील आणि एखाद्या तरुण अधिकाऱ्याच्या टेबलावर 'यांना विद्युत वाहन समजावे काय?' अशी नस्ती येईल. त्याला मी एवढेच सुचवीन. गाडीत काय बसवले आहे यावर सवलत बेतू नये. मागील वर्षी ती किती किलोमीटर विजेवर चालली यावर बेतावी. पूर्वी हे मोजणे अशक्य होते म्हणून आपण हौदा, टाकी आणि लांबी मोजत बसलो. आता गाडीच स्वतःची नोंद ठेवते. ती नोंद वार्षिक तपासणीत वाचून घेणे हे पटवाऱ्याने शिवार फिरण्यापेक्षा खचितच सोपे आहे. मालकाच्या खासगीपणाचा प्रश्न येईल. तो खरा आहे. परंतु गाडी कोठे गेली हे न विचारता, विजेवर किती चालली एवढेच विचारता येते.

त्या गावाची यादी मी सही करून पाठवली, याची रुखरुख अजून आहे. सही नाकारणे माझ्या अधिकारात नव्हते, पण शेरा लिहिणे होते. 'नियमानुसार विद्युतीकृत, प्रत्यक्षात एकाही घरात वीज नाही', एवढी एक ओळ लिहिता आली असती. पुढच्या नेमणुकांमध्ये मी दौऱ्याच्या डायरीत गावाच्या नावापुढे शेवटी एक रकाना आखून घेतला: काल रात्री दिवा किती वाजेपर्यंत होता? तो रकाना कोणत्याही नमुन्यात नव्हता. भरायला मात्र एकच मिनिट लागे, कारण उत्तर गावातील कोणतेही शाळकरी मूल देऊ शके.